शालूताई आणि बर्फाखालचं तळं

“काय काय फेकून दिलंस?”

शालूताई खानझोडे माझ्याशी बोललेल्या पहिल्या वाक्यात ना माझं नाव होतं, ना गाव. मी खुर्चीतून अर्धवट उठलो. दारात एक ठेंगणी बाई उभी होती. जाड भिंगाचा चष्मा, सलवार-कमीज, त्यावर हातानं विणलेला तपकिरी स्वेटर, पायात पांढरे स्पोर्ट शूज. आवाज मात्र असा की कॉरिडॉरच्या टोकाला बसलेल्या माणसानंही मान वर केली.

सिएटलमधल्या एका विद्यापीठात, ध्रुवांवरच्या बर्फाचा अभ्यास करणाऱ्या गटात मी प्रोग्रॅमर म्हणून लागलो, त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. साल २००४. त्याआधी मी रेडमंडमधल्या एका लहान कंपनीत होतो. ती बंद पडली, व्हिसाची चिंता सुरू झाली, आणि कोणीतरी सांगितलं म्हणून इथं अर्ज केला. बर्फाशी माझा संबंध तोवर फ्रीजरपुरताच होता.

काम तसं सोपं होतं. एक उपग्रह दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावरून जाताना खाली लेसरचे ठिपके टाकत जायचा. प्रकाश परत यायला लागलेल्या वेळावरून बर्फाची उंची कळायची. पुढच्या फेरीत तोच मार्ग, तीच मोजणी. मध्ये ढग आला की आकडे बिघडत. म्हणून मागच्या फेरीपेक्षा फारच वेगळे आलेले आकडे मी प्रोग्रॅम लिहून बाजूला काढत होतो. उरलेले आलेख असे गुळगुळीत दिसायचे की मला स्वतःचाच अभिमान वाटायचा.

“चुकीचे आकडे होते, मॅडम,” मी म्हणालो.

“चुकीचे आहेत हे कोणी ठरवलं?”

“प्रोग्रॅमनं.”

“आणि प्रोग्रॅम कोणी लिहिला?”

मी स्वतःकडे बोट केलं.

“मग ‘मी ठरवलं’ असं म्हण ना बाप्पा! आणि मॅडम नको. काकू तर मुळीच नको. ताई म्हण. ते फेकलेले आकडे मला दे. सगळे.”

त्या नागपूरच्या. तिथल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होत्या. लग्न होऊन इकडे आल्या, विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर असलेल्या मधूकाकांचा संसार केला, मुलीला वाढवलं. मुलगी हायस्कूलला गेली तेव्हा यांनी स्वतःचं दप्तर उचललं. चाळिशी उलटल्यावर निम्म्या वयाच्या मुलांबरोबर वर्गात बसल्या आणि पन्नाशीच्या तोंडावर डॉक्टरेट मिळवली. त्यामुळे त्यांच्या वयाची माणसं विभागप्रमुख होती आणि या अजून वर्षा-वर्षाच्या करारावर. याबद्दल त्यांच्या तोंडून तक्रार ऐकली नाही. फक्त कोणी “या वयात कशाला?” असं विचारलं की त्या शांतपणे विचारत, “मग कोणत्या वयात?”

माझे फेकलेले आकडे त्यांनी आलेखाच्या कागदावर हातानं मांडले. मी म्हणालो, ताई, दोन मिनिटांत स्क्रीनवर काढून देतो. त्या म्हणाल्या, “स्क्रीनवर मी बघते. हातानं काढलं की मला कळतं.” चार दिवस त्यांची पेन्सिल चालू होती. साडेअकराला स्टीलचा डबा उघडायचा, पोळीभाजी खायची, डबा धुऊन पुन्हा कामाला लागायचं. पाचव्या दिवशी त्यांनी मला हाक मारली.

टेबलावर तीन कागद शेजारी-शेजारी लावले होते. उपग्रहाचे एकमेकांजवळून जाणारे तीन मार्ग. तिन्हींवर, एकाच ठिकाणी, बर्फाची पातळी खाली गेलेली. दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी.

“ढग असेल तर तो तीनदा येऊन एकाच जागी बसेल का?” त्यांनी विचारलं. “आणि त्याच्या कडा दर वेळी तिथंच येतील का?”

“मग काय आहे हे?”

“खाली तळं आहे. ते रिकामं होऊन राहिलं आहे.”

मला वाटलं थट्टा करताहेत. किलोमीटरांनी जाड बर्फाखाली पाणी? त्यांनी मला खुर्चीत बसवून समजावलं. पृथ्वीच्या पोटातली ऊब खालून येते. वरचा बर्फ दुलईसारखी ती धरून ठेवतो, शिवाय एवढ्या दाबाखाली बर्फ जरा लवकर वितळतो. त्यामुळे तळाशी पाणी साठतं, तळी होतात. तळी आहेत हे लोकांना माहीत होतं. पण ती हजारो वर्षं जागच्या जागी पडून आहेत, असंच बहुतेक जण धरून चालले होते. ताईंचं म्हणणं असं की हे तळं हललं आहे. पाणी निघालं आहे. आणि निघालं असेल तर कुठंतरी पोचणार आहे.

गटाचा प्रमुख वॉरन. उंच, हळू बोलणारा, सज्जन माणूस. त्यानं तिन्ही कागद बराच वेळ पाहिले आणि मान हलवली.

“शालिनी, पातळ ढगातून जाताना प्रकाश विखुरतो, त्याला परतायला जास्त वेळ लागतो, आणि बर्फ आहे त्यापेक्षा खाली दिसतो. हे तुला मी सांगायला नको.”

“एवढा खाली?”

“मग लेसरचा नेम चुकला असेल. तीन रेघांवर मी एवढा मोठा दावा करणार नाही.”

“किती रेघांवर करशील?”

वॉरन हसला. “पाणी गेलं म्हणतेस तर ते कुठं गेलं ते दाखव.”

तो हे सहज बोलून गेला असावा. ताईंनी मात्र ते वाक्य कागदाच्या मागं तारीख घालून लिहून ठेवलं.

अडचण अशी होती की उपग्रहाचा पहिला लेसर थोड्याच दिवसांत बंद पडला होता. उरलेले जपून वापरायचे म्हणून ते वर्षातून दोन-तीनदाच, महिनाभर चालू करत. म्हणजे एक फेरी झाली की पुढचे कितीतरी महिने नुसतं थांबायचं. मी त्यांच्या जागी असतो तर वेडा झालो असतो. ताईंनी त्या काळात दोन कामं हाती घेतली. एक, पाणी कुठं जाईल याचं गणित. दुसरं, गाडी चालवायला शिकणं.

दुसरं जास्त अवघड ठरलं. आम्ही दोघंही रेडमंडहून बसनं पूल ओलांडून यायचो. पण रविवारी बस कमी, आणि मधूकाकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. “रविवारी लॅबला कोणी नसतं, तेव्हा काम होते,” म्हणून त्यांना लायसन्स हवं होतं. पाच वेळा त्या टेस्टमध्ये नापास झाल्या. एकदा पार्किंग करताना खांब पडला, एकदा स्टॉपच्या पाटीला पुरत्या थांबल्या नाहीत, एकदा इतक्या हळू चालवली की परीक्षक बाईंनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. दर वेळी त्या सोमवारी येऊन सांगायच्या, “नापास. मागच्या वेळेपेक्षा दोन चुका कमी.” सहाव्यांदा पास झाल्या. पुढच्याच रविवारी त्यांनी गाडी पुलावर घातली. मधूकाका मला म्हणाले, “अरे, मागं हॉर्नचं कॉन्सर्ट चालू होतं. मी डोळे मिटून घेतले. ऑपरेशन झालंय, असं सांगता तरी येतं.”

पहिल्या कामाचं मला कौतुक वाटायचं. बर्फाखालचं पाणी नुसतं जमिनीच्या उतारानं जात नाही. वरच्या बर्फाचं ओझं जिथं जास्त, तिथून ते जिथं कमी तिकडं ढकललं जातं. वेळ पडली तर चढावरही जातं. ताईंनी बर्फाच्या उंचीचे आणि खालच्या जमिनीचे मिळतील ते सगळे आकडे गोळा केले, महिने-महिने घोळवले आणि शेवटी भिंतीवरच्या नकाशावर पेन्सिलीनं तीन फुल्या मारल्या. यांतल्या एखाद्या ठिकाणी बर्फ वर उचलला जाईल.

“आणि नाही उचलला तर?” मी विचारलं.

“तर मी चुकले. पण बघितल्याशिवाय चुकणार नाही.”

२००५ च्या गणेशोत्सवात तिथल्या मराठी मंडळानं त्यांना लहान मुलांसमोर बोलायला बोलावलं. रेडमंडच्या एका शाळेचा हॉल, सगळीकडे झब्बे आणि परकर-पोलकी. ताईंनी भाषण केलंच नाही. मधूकाकांकडून त्यांनी रबराच्या दोन गरम पाण्याच्या पिशव्या नळीनं जोडून आणल्या होत्या. त्या जमिनीवर ठेवल्या, वर गोधडी अंथरली, गोधडीवर एका पिशवीच्या बरोबर वर नारळ ठेवला आणि आठ वर्षांच्या तन्वीला दुसऱ्या पिशवीवर बसायला सांगितलं. तन्वी बसली, नळी सुटली आणि आरतीच्या दहा मिनिटं आधी हॉलभर पाणी झालं.

मंडळाचे सेक्रेटरी धावत आले. “शालूताई, आता हे कॅन्सल करूया ना, प्लीज. लोक येताहेत.”

“लोक येऊ देत. तू फडकं आण.”

स्वतः गुडघे टेकून त्यांनी फरशी पुसली. नळी पुन्हा बसवली, काकांच्या रुमालानं करकचून बांधली, पाणी भरलं. आरती थांबून राहिली होती. तन्वी पुन्हा बसली. गोधडी पलीकडून फुगली आणि नारळ गडगडत गेला. मुलांनी टाळ्या पिटल्या. तन्वीला मात्र समाधान नव्हतं.

“But how do you know? Nobody saw the lake.”

“तुला पाणी जाताना दिसलं का?” ताईंनी विचारलं.

“No.”

“मग कसं कळलं?”

तन्वीनं जरा विचार केला. “The coconut moved.”

“हां. मी बाई नारळच बघून राहिले.”

त्यानंतर तीन आठवड्यांनी वॉरन आमच्या खोलीत आला आणि दार लोटून घेतलं. गटाचा नवा प्रस्ताव नामंजूर झाला होता. महिनाअखेरीस ताईंचा करार संपत होता आणि पुढं पगाराची सोय नव्हती. तो खरोखर कष्टी दिसत होता. “टेबल आणि कॉम्प्युटर तुझंच राहील,” तो म्हणाला. “त्यापलीकडे आज माझ्या हातात काही नाही.”

तो गेल्यावर मी म्हणालो, “ताई, सोडून द्या. कम्युनिटी कॉलेजात शिकवा. तुम्हाला कोणीही घेईल.”

“घेईल ना. मी अर्ज करणारच आहे.” त्या डबा पिशवीत भरत होत्या. “पण पाणी निघालं आहे रे. मी आता घरी जाऊन बसू?”

पुढं दीड वर्ष त्या सकाळी कॉलेजात शिकवायच्या आणि दुपारी एकला लॅबमध्ये यायच्या. पगार नव्हता, बैठकांची बोलावणी नव्हती, नव्या मुलांना तर त्या कोण हेही ठाऊक नव्हतं. एकानं त्यांना प्रिंटरमध्ये कागद भरायला सांगितलं. त्यांनी भरला, आणि मग त्याच्या आलेखातली चूक दाखवली.

त्या काळात दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत तिन्ही फुल्यांवर ढग होते. दुसऱ्या फेरीत पहिली फुली मोकळी मिळाली. बर्फ जिथल्या तिथं. ताईंनी ती फुली रबरानं खोडली आणि उरलेल्या दोन्हींकडे बोट करून म्हणाल्या, “दोन राहिल्या.”

आणि मग, २००६ मध्ये, एक दिवस ती बातमी आली. दूरच्या एका गटानं, वेगळ्या उपग्रहाच्या मोजणीतून, अंटार्क्टिकाच्या दुसऱ्याच भागात हेच दाखवलं होतं. एका ठिकाणी बर्फ खचला, तिथून खूप दूर तो उचलला गेला. तळ्यातून तळ्यात पाणी जातं. मी वाचलं आणि तसाच उठलो. सांगायला गेलो तर लेख छापून त्यांच्या समोर होता. पेन्सिल हातात धरून त्या तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होत्या. मग उठल्या आणि डबा धुवायला गेल्या. दुपारचे तीन वाजले होते, डबा तर केव्हाच धुऊन झाला होता.

त्या परत आल्या तेव्हा डोळे लाल होते. “ताई, तुम्ही आधी पाहिलं होतं,” मी कसंबसं म्हणालो.

“पाहिलं होतं. दाखवलं त्यांनी.” त्या बसल्या. “रडले मी. आता झालं रडून. काम त्यांनी फार चांगलं केलं आहे, तूही वाच. पण माझं पाणी कुठं गेलं ते त्यांनी सांगितलेलं नाही.”

संध्याकाळी वॉरन आला. दारातच उभा राहून म्हणाला, “दोन वर्षांपूर्वी मी तुझं ऐकायला हवं होतं.”

“हो, हवं होतं,” ताई म्हणाल्या. “आता पुढच्या फेरीचे आकडे आले की आधी माझ्याकडे पाठव.”

ते आकडे आले तेव्हा मी आणि ताई शेजारी-शेजारी बसलो होतो. काहीही न गाळता मी ते उघडले. दुसरी फुली मोकळी होती. तिथं काही नाही. तिसरी फुली मोकळी होती. तिथंही काही नाही. मी ताईंकडे बघायचं टाळलं. त्या मात्र स्क्रीनला नाक लावून बसलेल्या.

“मागं जा. दोन्हींच्या मधला भाग दाखव. नाही, अजून मागं. थांब!”

तिथं बर्फ उचललेला होता. शेजारच्या मार्गावरही. त्याच्या पुढच्या मार्गावरही. स्वच्छ आकाश, ढगाचं नाव नाही. मी ओरडलोच. ताई ओरडल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग उठून नकाशाकडे गेल्या, दोन्ही फुल्या खोडल्या आणि मधोमध एक नवी मारली. “खूण चुकली होती माझी,” त्या म्हणाल्या.

यावरून पुढं त्यांचा आणि वॉरनचा वाद झाला. लेख लिहिताना वॉरन म्हणाला, आधीच्या फुल्यांचा उल्लेख कशाला, उगीच दावा कमजोर दिसतो. ताई म्हणाल्या, “मी तीन जागा सांगितल्या आणि तिन्ही चुकल्या, हे छापायचं. का चुकल्या तेही छापायचं. नाहीतर माझं नाव काढ.” वॉरननं नाव काढलं नाही. सर्वांत आधी घातलं. लेख २००७ मध्ये आला. जगानं दखल घेतली ती आधीच्याच लेखाची, ते साहजिक होतं. पण आमच्या लेखाच्या जोरावर नवा प्रस्ताव मंजूर झाला आणि शालूताईंना पुन्हा करार मिळाला, या वेळी तीन वर्षांचा. मी पेढे आणले. त्यांनी एक खाल्ला आणि म्हणाल्या, “जेवढं पाणी निघालं तेवढं पोचलेलं नाही. बाकीचं कुठं अडकलं?”

त्यासाठी तिथं जाऊन बर्फावर यंत्रं रोवायची होती. वॉरननं तरुण मुलांची नावं काढली. ताईंनी स्वतःचं नाव दिलं. सत्तावन्न वर्षांच्या होत्या. इतकी वर्षं ज्या बर्फाचा मिलिमीटर-मिलिमीटर त्यांनी मांडला होता, तो त्यांनी डोळ्यांनी पाहिला नव्हता. वैद्यकीय तपासणीत त्यांना नाकारलं: एक दाढ किडलेली, रक्तदाब वाढलेला, दम कमी. त्यांनी दाढ काढली, मीठ सोडलं, चालायला लागल्या. चार महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली आणि पास झाल्या. मधूकाका मला म्हणाले, “मी घाबरलो आहे, निखिल. पण तिला सांगू नकोस. तिला ठाऊक आहे.”

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, डिसेंबरात, त्या तळ्यावरच्या बर्फावर सहा आठवडे राहून आल्या. हे मला नंतर फोनवर कळलं. मी तेव्हा देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कॅरी नावाच्या गावी होतो. तिकडे एका औषध कंपनीत नोकरी मिळाली, बायकोलाही तिथंच मिळाली, आणि २००८ च्या ऑक्टोबरात आम्ही रेडमंड सोडलं. ताईंना मी शेवटचं पाहिलं ते आम्ही निघालो त्या दिवशी.

सकाळी नऊचा सुमार. पाऊस लागला होता. गाडी सामानानं भरून आम्ही निघालो आणि त्यांच्या घराजवळच्या चढावर मला त्या दिसल्या. पिवळा रेनकोट, पाठीवर मोठी सॅक, कमरेतून जरा वाकलेल्या. मी गाडी थांबवून काच खाली केली.

“ताई! पावसात कुठं?”

“वरपर्यंत. तिसरी फेरी आहे.” त्या धापा टाकत होत्या. “सॅकमध्ये तांदूळ आहे. दोन पिशव्या. तिथं एवढं ओझं उचलावं लागते म्हणे.”

“बसा ना, सोडतो वर.”

“मग चढणार कोण?”

मी खाली उतरलो. पाया पडायला वाकलो तर त्यांनी मध्येच दंड धरून उभं केलं. ओल्या हातानं माझ्या गालावर थोपटलं. खिडकीतून माझ्या बायकोकडे बघून म्हणाल्या, “हा घाई करते. पहाडातला रस्ता आला की तू चालव.” आणि मला म्हणाल्या, “जा आता. लांबचा पल्ला आहे.”

त्या पुढं निघाल्या. मी गाडीत बसलो, पण गाडी पुढं काढली नाही. वायपर काच पुसत होते आणि पिवळा रेनकोट हळूहळू वर सरकत होता. वळणाशी त्या थांबल्या. मला वाटलं, मागं वळून हात करतील, म्हणून मीही हात उचलला. त्यांनी सॅकचे पट्टे खांद्यावर नीट बसवले, दोन्ही हातांनी खाली ओढून घट्ट केले, आणि वळण चढून गेल्या.